दुधाची बहीण

कोता भारूच्या मोठ्या बाजारात माझी सुक्या मासळीची आणि बुडूची, म्हणजे मासळीच्या आंबवलेल्या रसाची, जागा आहे, आणि संशय हा माझा अर्धा धंदा आहे. कोळी म्हणतो मासळी कालचीच, मी शेपटी मोडून बघते. मीठवाला म्हणतो गोणी पुरेपूर भरलीय, मी ती माझ्या तागडीवर चढवते. आंबवलेल्या बुडूत पाणी घातलंय का हे मी वासावरून सांगते, आणि सांगून झाल्यावर पुन्हा एकदा वास घेते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी साधं पाणीसुद्धा फुंकून पिते.

म्हणून धाकटी वहीदा आजारी पडली तेव्हा घरात संशय घ्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. घरात आम्ही चौघं. मोक, म्हणजे आमची आई. मी थोरली हलिजा, मला सगळे काक लाँग, म्हणजे थोरली ताई, म्हणतात. मधला रुस्दी, शाळेची बस चालवतो. आणि शेंडेफळ वहीदा, प्राथमिक शाळेत मास्तरीण. बाप, आमचा आयाह, वारून बरीच वर्षं झाली. वहीदाच्या गालांवर आधी तांबडे चट्टे उठले, उन्हात गेली की वाढायचे. मग बोटं सुजली, खडू धरवेना. मोकला वाटलं कोणी तरी पाण्यातून करणीचं विष घातलं. वहीदाने ज्या मुलाला नकार दिला होता, त्याची आई मोकच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिने मांत्रिक बोलावला. त्याने वहीदाच्या डोक्यावर लिंबं कापली आणि उद्यासाठी आणखी लिंबं आणायला सांगितली. मी चौकशी केली तर नाक्यावर लिंबं विकणारी बाई त्याची मेहुणी निघाली. दुसऱ्या दिवशी मी त्याला दारातूनच वाटेला लावला.

शेवटी मोठ्या इस्पितळात आजाराचं नाव कळलं, ल्युपस. अंगातले राखणदारच चोर समजून घरच्यांना काठ्या घालतात, असं सांगितलं गेलं. काही वर्षं गोळ्यांनी निभावलं, मग मूत्रपिंडं गेली. वहीदा दिवसाआड यंत्राला जोडली जाऊ लागली, शाळा सुटली, हातावरची नस दोरखंडासारखी टरारून वर आली. कोणाचं मूत्रपिंड मिळालं तरच ती पुन्हा फळ्यासमोर उभी राहणार होती. न मिळालं तर ती यंत्रावर किती काळ काढेल, ते कोणी बोलून दाखवत नव्हतं.

डॉक्टर ओंग या पेनांगच्या चिनी बाई. पहिल्या भेटीत माझ्याकडे बघून त्या चिनीतच बोलायला लागल्या. मी आमच्या इकडच्या अस्सल केलांतानी बोलीत उत्तर दिलं, ते त्यांना कळलं नाही. तेव्हापासून त्या माझ्याकडे जरा जपून बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या की हा आजार घराण्यात फिरतो, तेव्हा नुसता रक्तगट जुळून भागत नाही. देणाऱ्याच्या रक्तातही तीच खोट असली तर एका रोग्याचे दोन व्हायचे. म्हणून घरातल्या सगळ्यांचं रक्त खोलवर तपासायचं होतं. सुई टोचण्याआधी त्यांनी विचारलं की ही तिन्ही मुलं एकाच आईबापाची ना. मोक म्हणाली, सगळी माझीच. मीही मान हलवली. ओळखपत्रावर माझ्या नावापुढे आयाहचंच नाव आहे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गावात ती कोणी सांगत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मी जन्मले नदीकाठच्या चिनी तांदूळवाल्याच्या घरी. वर सगळ्या मुलीच, त्यात मी आणखी एक. त्याच सुमारास मोकचं पहिलं मूल पाळण्यात गेलं होतं आणि तिची छाती दुधाने दाटून आली होती. तांदूळवाल्याच्या बायकोने मला मोकच्या मांडीवर ठेवलं आणि मागे न बघता गेली. मोकने मला पोटभर दूध पाजलं. आमच्या धर्मात दूध पाजलं की मूल तिचं. रुस्दीशी माझं लग्न लागू शकत नाही, त्याच्यासमोर मला डोकं झाकावं लागत नाही. आयाहने नोंदणीच्या कचेरीत सांगितलं की मूल माझं, सुईणीने मान डोलावली, झालं. माझे डोळे तेवढे बारीक राहिले. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं त्या दिवशी आमच्यापैकी कोणी खोटं बोललं नाही. आपण खोटं बोलतोय असं वाटलंसुद्धा नाही.

निकाल आले तशी डॉक्टरबाईंनी एकेकाला वेगळं आत बोलावलं. तिथेच माझ्या कपाळाला आठी पडली. चांगली बातमी चारचौघांत देतात. मोकला साखरेचा आजार, ती बादच होती. रुस्दी आत गेला तो बराच वेळ बाहेर येईना. आला तेव्हा म्हणाला, "माझं जुळत नाही." एवढंच बोलला आणि किल्ल्या खेळवत बसच्या दिशेने चालू लागला. रुस्दी खोटं बोलतो तेव्हा किल्ल्या खेळवतो, लहानपणी गोट्या खेळवायचा.

माझा नंबर आला तर आत डॉक्टरांच्या शेजारी एक अनोळखी बाई वही घेऊन बसलेली. माझ्या रक्ताबद्दल अवाक्षर नाही, प्रश्न मात्र भलतेच. धंदा कसा चाललाय, डोक्यावर काही देणं आहे का, हे सगळं तुमच्या मनाने करताय की कोणी सांगितलंय, घरचे तुमच्याशी कसे वागतात. मी म्हटलं घरचे माझ्याशी घरच्यासारखे वागतात. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी बाहेर आले ती पक्कं ठरवूनच, की डॉक्टरबाई काहीतरी लपवताहेत, आणि रुस्दीही.

रुस्दीबद्दलचा माझा संशय तर भलत्याच थराला गेला. माझ्या मनात आलं की भावाला सुरीची भीती वाटतेय. मग आलं की याचं लक्ष घराच्या जमिनीवर आहे. एक बहीण यंत्रावर, दुसरी कापली गेलेली, म्हणजे याला रान मोकळं. आज लिहितानाही लाज वाटते, पण मनात आलं ते आलं. दुपारी तो मुलांना सोडून बस झाडाखाली लावायचा आणि पायीच कुठेतरी जायचा. एकदा मासळी शेजारणीच्या हवाली करून मी त्याच्या मागे गेले. जमिनीची कचेरी डाव्या हाताला आली, तो वळला नाही. पुढे इस्पितळाच्या मागच्या फाटकातून आत शिरला. मी खांबाआडून बघते तर तपासणीच्या खिडकीसमोर रांगेत बसलेला, आणि मांडीवर खाकी पिशवीत झाकणाची छोटी बाटली.

"इथे काय करतोयस?" मी विचारलं.

"तू काय करतेयस?"

"तुझ्या मागे आले."

"ते दिसलं मला मघाशीच. खांब बारीक आहे, काक, आणि तू नाहीस."

मग त्याने शेजारची जागा रुमालाने पुसून मला बसवलं. डॉक्टरांनी सांगितलेलं त्याने त्याच्या भाषेत सांगितलं. माणसाच्या अंगात रोगाशी लढणारं इंजिन असतं, तसा त्याला ब्रेकही असतो. चोर पळाला की पेशींना निरोप जायला हवा, पुरे, थांबा आता. आमच्या घरात तो ब्रेक सैल आहे. प्रत्येकाला असे दोन मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. मोककडे एक सैल आणि एक चांगला, म्हणून गाडी थांबते. आयाहचंही तसंच असावं. वहीदाच्या वाट्याला दोन्हीकडून सैलच आले. म्हणजे ना मोकच्या माहेरचा दोष, ना आयाहच्या घराण्याचा. दोन धडधाकट माणसांनी आपापल्या परीने एकेक दिलं होतं.

"आणि तुझ्या वाट्याला?"

"दोन्ही सैल." तो बाटलीकडे बघत म्हणाला. "वहीदासारखेच."

"पण तुला तर काही झालेलं नाही."

"सगळ्यांना होतंच असं नाही म्हणाल्या. बायकांना जास्त होतं. ऊन, ताप, आणखी काय काय लागतं. पण लघवीतून थोडं काहीतरी जायला लागलंय, म्हणून हे चाललंय. मोकला सांगू नकोस. ती पुन्हा लिंबं आणेल."

डॉक्टरांनी त्याला असंही सांगितलं होतं की हिवतापाच्या मुलखात हाच सैल ब्रेक माणसांच्या कामी आला असावा, जोरात लढणारे वाचले, म्हणून आपल्याकडे तो इतका आढळतो. आमचा आजा रबराच्या मळ्यात हिवतापातून उठला होता, बरोबरचे उठले नाहीत. रुस्दी म्हणाला, "आज्याला वाचवलं ते आता आपल्याला खातंय." मी त्याचा हात धरून बसले. जमिनीचं काही बोलले नाही.

पण संशयाचं असं असतं, एका घरातून हाकलला की शेजारच्या घरात शिरतो. परत येताना माझ्या डोक्यात उजेड पडला. रुस्दीकडे दोन, वहीदाकडे दोन, म्हणजे माझ्याकडेही दोन असणार, आणि ते सांगायला डॉक्टर घाबरताहेत. दूध वगैरे काही मला त्या घटकेला आठवलंच नाही. मी त्या घरची थोरली, घरात जे आहे ते मला असणारच, इतकं ते मला सरळ वाटलं. दुसऱ्या दिवशी मी नंबर न लावता थेट बाईंच्या खोलीत घुसले आणि म्हटलं की मासळी नासलीय तर तोंडावर सांगा, गिऱ्हाइकाला फिरवत ठेवू नका.

डॉक्टर ओंगनी दार लावून घेतलं. बसल्या, चष्मा काढला आणि मला अदबीने पुआन, म्हणजे बाई, म्हणाल्या.

"पुआन हलिजा, या लोकांनी तुम्हाला काय कबूल केलंय?"

"कोणत्या लोकांनी?"

"वहीदाच्या घरच्यांनी. मूत्रपिंडाच्या बदल्यात. घाबरू नका, तुम्हाला कोणी पकडणार नाही. पण गरजू बाईला बहीण म्हणून उभं करतात, खोटे कागद करतात, हे मी याआधी पाहिलंय. तुमच्या रक्तात त्या घराण्याची ती खोट नाही. खोटच काय, त्यांची एकही खूण नाही. तुम्ही त्यांच्या कोणीही लागत नाही."

मी आयुष्यात पुष्कळांना चोर ठरवलंय, मला कोणी ठरवलं नव्हतं. राग मस्तकात गेला. आणि त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, ते सांगायला मला अजूनही जड जातं. माझं रक्त स्वच्छ आहे, मला तो आजार होणार नाही, हे ऐकून माणसाने सुटकेचा श्वास सोडावा. मला मात्र हेवा वाटला. त्या घरात एक वाईट चीज सगळ्यांना वाटली गेली होती, मोकला, रुस्दीला, वहीदाला. ताट माझ्यापर्यंत आलंच नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. तांदूळवाला, पाळणा, दूध, आयाहची नोंद. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कागदावर तुम्ही सख्ख्या बहिणी. आता तुम्ही म्हणता कागदच खोटा. मग तुमचं बाकीचं बोलणं मी कशावरून खरं धरू?"

ती बाई मला पहिल्यांदा आवडली. मीही हेच विचारलं असतं.

त्यांनी वाट दाखवली. गट जुळत होता, वहीदाचं रक्त माझ्या रक्तावर उठत नव्हतं, मूत्रपिंड धडधाकट होतं. परक्या माणसालाही देता येतं, पण समितीपुढे जाऊन खरं नातं सांगावं लागतं, आणि ते ऐकून समितीला पटावं लागतं की यात सौदा नाही. म्हणजे घोळ असा होता. वहीदाची बहीण म्हणून मला तिला काही देता येत नव्हतं. मी तिची कोणी नाही, असं आम्ही सगळ्यांनी तोंडाने कबूल केलं तरच देता येणार होतं.

घरी मोकने ऐकलं आणि ताटातला भात बाजूला सारला. तिला वेगळीच भीती होती. एकदा कचेरीत हे कळलं की ओळखपत्रावरून आयाहचं नाव जाईल, उद्या कोणीतरी येऊन हिला घेऊन जाईल, असं काहीसं तिच्या डोक्यात होतं. मी म्हटलं मला या वयात कोण घेऊन जाणार, माझा तर बाजारातला खर्चही कोणाला परवडणार नाही. ती हसली नाही. डॉक्टर चिनी आहे, चिन्यांना त्यांची पोर परत हवी असेल, इथपर्यंत तिची मजल गेली. संशय घ्यायचं मी कोणाकडून शिकले ते त्या रात्री माझ्या लक्षात आलं. निदान ते यायला तरी रक्त लागलं नव्हतं.

वहीदा भिंतीला टेकून ऐकत होती. यंत्राच्या दिवशी तिला बोलण्याचंही बळ नसायचं. ती हळूच म्हणाली, "काक, बहीण देऊन मूत्रपिंड घ्यायचं असेल तर मला नको. चाललंय ते बरं चाललंय."

"बरं चाललंय म्हणे. आरशात बघ एकदा. आणि तुला कोणी विचारलंय?" मी ओरडलेच. ती रडायला लागली, मग मोकही, आणि मी भांडी घासायला उठले.

समिती इस्पितळातच वरच्या मजल्यावर बसली. दोन पुरुष, एक बाई, तिघंही अनोळखी. मधे बसलेल्या काळ्या टोपीवाल्यांनी आधीच गावात माणूस पाठवून चौकशी केली होती, आणि गावाने त्याला जे सगळ्यांना ठाऊक होतं तेच सांगितलं होतं. आता त्यांना ते आमच्या तोंडून हवं होतं. पहिल्यांदा त्यांनी मोकला विचारलं, ही बाई तुमची कोण. मोक म्हणाली, थोरली मुलगी. त्यांनी शांतपणे पुन्हा विचारलं, जन्म दिलेली का. मोक म्हणाली, माझी आहे. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, "माझीच आहे, आणखी किती वेळा सांगू?" टोपीवाल्यांनी लेखणी खाली ठेवली. डॉक्टर ओंग दाराशी उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. असंच चाललं तर फाइल मिटणार हे मला कळलं. वहीदा चाकांच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती, पायांवर सूज, घोटे दिसत नव्हते.

मी उभी राहिले. "ही माझी आई नाही," मी म्हटलं. "हिने मला जन्म दिलेला नाही. ही वहीदा माझी बहीण नाही. माझं यांच्याशी रक्ताचं काही नाही. मला कोणी काही देऊ केलेलं नाही."

समितीतल्या बाईंनी विचारलं, "मग तुम्ही का देताय?"

"रुस्दीचं चालत नाही, मोकला साखर आहे. मग उरलं कोण?"

ते उत्तर त्यांना पुरलं असावं, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पण मोकचं म्हणणं बदलल्याशिवाय चालणार नव्हतं. टोपीवाले तिच्याकडे वळले आणि या वेळी त्यांचा आवाज नरम होता. आई, ती बोलली ते खरं आहे का.

मोकने माझ्याकडे बघितलं. नवीन गिऱ्हाईक खोटी नोट देतंय की काय म्हणून मी बघते, तसं. मग वहीदाच्या पायांकडे बघितलं.

"खरं आहे," मोक म्हणाली. "ती माझी नाही."

त्यांनी लिहून घेतलं, आम्ही सह्या केल्या, आणि टोपीवाल्यांनी डॉक्टर ओंगना सांगितलं की शस्त्रक्रियेची तारीख धरा. रुस्दीने खुशीत वहीदाच्या खुर्चीला असा हिसका दिला की ती पडता पडता वाचली. मला आनंद व्हायला हवा होता. मी कधी कोणाचा शब्द नुसता तोंडदेखला खरा धरला नाही, आणि मोकचे ते शब्द खोटे आहेत हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी ते माझ्या काळजात गेले आणि तिथेच बसले. खोटे मानायचा मी खूप प्रयत्न केला, जमेना. बाहेरच्या लांब पडवीत मी मुद्दाम मागे राहिले, चप्पल नीट करायचं निमित्त करून.

मोक परत फिरली. एवढीशी म्हातारी, माझ्या खांद्याला लागते. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि डोळे अजून ओले असताना म्हणाली, "पुन्हा जर मला चारचौघांत असलं बोलायला लावलंस ना, तर थोबाड फोडीन तुझं."

ते मात्र मला लगेच खरं वाटलं.